छपाईच्या रंगाची तपासणी आणि न्यूरल नेटवर्क : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरमध्ये सांवेर रोड, पोलोग्राउंड या भागांत औषधांची खोकी, मिठाईचे डबे, नमकीनची पाकिटं आणि लग्नाच्या पत्रिका छापणारी मंडळी बरीच. त्यातले कित्येक माझे जुने सोबती. मी ऑफसेट मशीनवर उमेदवारी केली, मग शेड, म्हणजे छापलेल्या रंगाची छटा, तपासायच्या टेबलावर बसलो, आणि गेली काही वर्षं इंजिनिअर भाच्याच्या नादाने न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणं बघून शिकणाऱ्या संगणकी प्रोग्रॅमच्या, मागे लागलो. तेव्हापासून फोनवर, टपरीवर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. क्रम असा काही नाही, आठवले तसे आहेत.

रंग तपासायला डोळे आहेत. यंत्र कशाला?

डोळ्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. देवळालीकर गुरुजींच्या हाताखाली बेंद्रे आणि हुसेन यांच्यासारखे चित्रकार जिथे शिकले, त्या गावात तर नाहीच नाही. दोन शीट शेजारी ठेवल्या तर सरावलेला डोळा फार बारीक फरक पकडतो. पण सकाळी पास केलेली शीट आठवून संध्याकाळच्या शीटशी ताडून बघा म्हटलं की तोच डोळा फसतो. रंगाची आठवण कच्ची असते. दोन तास लालभडक पत्रिका बघितल्यावर पुढचा राखाडी जॉब हिरवट वाटायला लागतो. तपासणाऱ्याने भगवा शर्ट घातला असेल तर त्याची झाक पांढऱ्या आर्टपेपरवर पडते, हे तर मी स्वतः पाहिलंय.

उजेडाचा घोळ वेगळाच. आयएसओ ३६६४ हे मानक सांगतं की शीट डी५० उजेडात, म्हणजे ५००० केल्विनच्या आसपासच्या पांढऱ्या प्रकाशात बघावी आणि बारकाईने ताडून बघायची तर टेबलावर २००० लक्सच्या आसपास उजेड हवा. आपल्याकडे एक ट्यूब जुनी, एक नवी, आणि खिडकीतून येणारं ऊन. त्यात प्रूफ, म्हणजे आधी दाखवायचा नमुना, इंकजेटवर काढलेला आणि जॉब ऑफसेटवर छापलेला असेल, तर प्रेसमध्ये दोन्ही सारखे दिसतात आणि रात्री अकरा वाजता सराफ्याच्या खाऊबाजारात दिव्यांखाली डबा उघडला की पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, फोन येतो. दोन वेगळ्या शाया एका उजेडात जुळतात, दुसऱ्यात फुटतात. याला मेटामेरिझम म्हणतात. हे भांडण यंत्राने मोजल्याशिवाय मिटत नाही.

डेन्सिटोमीटर आमच्याकडे आहे. तेवढं पुरेसं नाही का?

अर्ध्या कामाला पुरेसं आहे. डेन्सिटोमीटर शाईचा थर किती जाड पडला हे सांगतो. डेन्सिटी १ म्हणजे पडलेल्या उजेडाचा दहावा हिस्सा परत आला, २ म्हणजे शंभरावा. मशीनमनला शाई वाढव की कमी कर एवढंच हवं असतं, त्याला हे बरोबर आहे. पण मजेंटात, म्हणजे गुलाबी शाईत, मशीनच्या आधीच्या युनिटची पिवळी शाई मिसळून ती लालसर झाली, तर डेन्सिटी तीच राहू शकते आणि रंग मात्र गेलेला असतो.

स्पेक्ट्रोफोटोमीटर पूर्ण वर्णपट मोजतो. ३८० ते ७३० नॅनोमीटरपर्यंत दर १० नॅनोमीटरला एक, असे ३६ आकडे. त्यावरून सीआयई या प्रकाश-रंगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९७६ मध्ये ठरवलेले एल, ए आणि बी हे तीन आकडे निघतात. एल उजळपणा, ए हिरव्याकडून लालकडे, बी निळ्याकडून पिवळ्याकडे. नेटवर्कची गोष्ट पुढे करायची तर हे तीन आकडे अंगवळणी पडायलाच हवेत.

डेल्टा ई म्हणजे काय?

हवा तो रंग आणि छापलेला रंग यांच्यातलं अंतर. समजा आर्टपेपरवरचा सायन, म्हणजे छपाईचा निळा, ५५, उणे ३७, उणे ५० असा हवा आहे आणि तुमच्या शीटवर ५७, उणे ३५, उणे ४७ आला. फरक २, २ आणि ३. त्यांच्या वर्गांची बेरीज १७, वर्गमूळ ४.१. ऑफसेटचं मानक आयएसओ १२६४७-२ चार मूळ शायांच्या सॉलिडसाठी, म्हणजे पूर्ण भरलेल्या रंगासाठी, ५ पर्यंत सूट देतं, म्हणजे शीट पास.

या जुन्या सूत्राची खोड अशी की डोळा सगळ्या रंगांना सारखा कडक नसतो. भडक पिवळ्यात ४ चा फरक कुणाच्या नजरेत भरत नाही. राखाडीत २ चा फरक झाला की गिऱ्हाईक ‘हिरवं मारतंय’ म्हणतं. म्हणून पुढे सीआयईडीई२००० हे सूत्र आलं. ते किचकट आहे, पण नजरेच्या बरंच जवळ जातं. तुमच्या उपकरणात दोन्ही असतील. पार्टीशी बोलताना कुठल्या सूत्राचा आकडा आहे ते आधी ठरवा, नाहीतर दोघेही खरे बोलून भांडतील.

मग सूत्र असताना नेटवर्क कशाला?

कलर बारवरच्या, म्हणजे शीटच्या कडेला छापलेल्या रंगपट्टीवरच्या, चौकटी मोजायच्या आणि मर्यादेत आहेत का बघायचं, एवढंच काम असेल तर नेटवर्क नको. वजाबाकी येते त्याला नेटवर्क लागत नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि अर्धे लोक तिथेच नाराज होतात.

पण काही कामं सूत्राच्या आवाक्याबाहेरची आहेत. पहिलं, चित्राच्या आतला रंग. कलर बार शीटच्या एका कडेला असतो. खोक्यावर छापलेल्या गुलाबजामाचा तपकिरी रंग शीटच्या मधोमध आहे. बार ठीक आणि गुलाबजाम जांभळा, असं होतं. आणि डाय-कटिंगनंतर, म्हणजे साच्याने कापल्यावर, सुटं खोकं हातात आलं की बार नसतोच.

दुसरं, शाईच्या प्रमाणावरून रंगाचा अंदाज. चार शाया टक्क्या-टक्क्यांनी एकमेकींवर चढल्या की काय दिसेल, हे गणित सरळ नाही. नॉयगेबाउअरने १९३७ मध्ये मांडणी केली की चार शायांचे एकमेकींवर चढून १६ मूळ रंग होतात आणि डोळ्याला त्यांची सरासरी दिसते. पण छपाईतला रंग शाईच्या बारीक ठिपक्यांचा असतो; उजेड कागदाच्या आत शिरून ठिपक्याच्या कडेखालून बाहेर येतो, ठिपका आहे त्यापेक्षा मोठा भासतो. म्हणून १९५१ मध्ये यूल आणि नील्सन यांनी त्यात दुरुस्तीचा घातांक घातला. तरीही थोडा फरक उरतोच. तो उरलेला फरक शिकायला नेटवर्क झकास. ही कल्पना नवी नाही. कांग आणि अँडरसन यांनी स्कॅनर व प्रिंटरच्या रंगासाठी न्यूरल नेटवर्क वापरल्याचा शोधनिबंध १९९२ चा आहे. तेव्हा आपल्या अर्ध्या प्रेसमध्ये टाइप जुळवत होते.

तिसरं, दोषाचं कारण ओळखणं. नुसतं ‘रंग गेला’ यावर मशीनमन काही करू शकत नाही. शाई कमी पडली, प्लेटवरचं पाणी जास्त झालं, ब्लँकेट (शाई कागदावर उतरवणारं रबर) दबलं, की रजिस्टर (रंगावर रंग नेमका बसणं) सरकलं? शीटवरच्या खुणांवरून अनुभवी माणूस हे ओळखतो, आणि पुरेशी उदाहरणं दाखवली तर नेटवर्कही ओळखायला लागतं.

नेटवर्कच्या आत नेमकं असतं काय?

गुणाकार आणि बेरजा. आत आलेल्या प्रत्येक आकड्याला एका वजनाने गुणायचं, बेरीज करायची, ती एका वाकड्या रेषेतून काढायची आणि पुढच्या थराला द्यायची. सुरुवातीला वजनं अंदाधुंद असतात. उत्तर चुकलं की चूक मागे मागे नेत प्रत्येक वजन किंचित बदलायचं. या पद्धतीला बॅकप्रोपगेशन म्हणतात आणि रुमेलहार्ट, हिंटन व विल्यम्स यांच्या १९८६ च्या लेखानंतर ती सर्वत्र पसरली.

आपल्या पहिल्या कामाला लागणारं नेटवर्क किती लहान असतं बघा. आत चार आकडे : सायन, मजेंटा, पिवळा, काळा यांचे टक्के. मधे २० गाठी. बाहेर तीन आकडे : एल, ए, बी. एकूण वजनं १६३. हिशेब करून बघा : चार गुणिले वीस अधिक वीस, मग वीस गुणिले तीन अधिक तीन; अधिकचे वीस आणि तीन म्हणजे प्रत्येक गाठीच्या बेरजेत मिळवायचा एकेक ज्यादा आकडा. मोबाइलमधलं कॅल्क्युलेटरही जड वाटावं इतकं हलकं प्रकरण आहे. फोटो बघणारं नेटवर्क मात्र दुसऱ्या जातीचं, त्यातल्या मध्यम आकाराच्यातही कोटभर वजनं सहज असतात.

मोबाइलने फोटो काढून चालेल का?

नाही. म्हणजे शाई सांडली आहे का, अक्षर तुटलं आहे का हे कळेल. रंग कळणार नाही.

मोबाइलचा कॅमेरा फोटो ‘छान’ यावा म्हणून बनवलेला आहे. पांढरा तोल तो स्वतः बदलतो, उजेड स्वतः ठरवतो, लाल थोडा भडक करतो. शीटवरचा रंग घसरला की तो नेमका तीच घसरण दुरुस्त करून दाखवतो! आपल्याला जो फरक शोधायचा तोच त्याने पुसलेला असतो. त्यावर जेपीईजी रंगाचा तपशील दाबतं ते वेगळंच.

औद्योगिक कॅमेरा घ्या, त्याचं एक्स्पोजर आणि पांढरा तोल गोठवा, दाबलेली नसलेली मूळ फाइल घ्या. एलईडी दिवे चालू केल्यावर गरम होऊन स्थिर व्हायला वेळ घेतात, तोवर मोजू नका. रिकामी पांढरी टाइल रोज एकदा टिपा आणि कोपऱ्यातला उजेड मधल्यापेक्षा किती कमी आहे ते भागाकाराने काढून टाका. वार्निश आणि लॅमिनेशनची चमक मारायला दिव्यापुढे आणि लेन्सपुढे आडवे-उभे पोलरायझर लावा.

एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट : इंचाला १७५ ठिपक्यांच्या ओळी असलेल्या, म्हणजे १७५ लाइनच्या, स्क्रीनला दोन ठिपक्यांतलं अंतर ०.१४५ मिलिमीटर असतं. कॅमेऱ्याचा एक पिक्सेल जवळपास तेवढाच पडला तर फोटोत लाटा उठतात. त्या मोआरेच्या लाटा छपाईत नसतात, पण नेटवर्क त्यांना दोष समजतं. एक तर कॅमेरा इतका बारीक घ्या की ठिपका स्पष्ट दिसेल, नाहीतर इतका भरड की ठिपके पुरते मिसळतील. १०२० मिलिमीटरच्या शीटवर ४०९६ पिक्सेलचा लाइन कॅमेरा लावला तर पिक्सेल पाव मिलिमीटरचा होतो. तिथे लेन्स किंचित मऊ ठेवावी लागते.

आणि हे सगळं करूनही कॅमेऱ्याच्या हाती तीनच आकडे येतात, स्पेक्ट्रोच्या हाती ३६. कॅमेरा सगळी शीट बघतो, स्पेक्ट्रो एक टिंब खरं बघतो. दोघांची जोडी लावायची : थोड्या ठिकाणी स्पेक्ट्रोने मोजायचं आणि कॅमेऱ्याचे आकडे त्यावर बेतायचे.

इंटरनेटवर तयार नेटवर्क फुकट मिळतात. त्यातलं एखादं शिकवलं तर?

शिकवा, पण त्याची एक सवय आधी मोडा. ही नेटवर्क मांजर, गाडी, खुर्ची ओळखायला तयार केलेली आहेत. मांजर सकाळच्या उन्हात असो की पिवळ्या बल्बखाली, ती मांजरच. म्हणून शिकवताना फोटोंचे रंग मुद्दाम हलवतात, म्हणजे नेटवर्क रंगाकडे फारसं लक्ष देणार नाही. २०१२ च्या प्रसिद्ध ॲलेक्सनेटमध्येही लाल-हिरव्या-निळ्याची तीव्रता अशी बदलली होती. पुढे ती रीतच पडली. तयार प्रोग्रॅममध्ये ‘कलर जिटर’ नावाचा पर्याय असतो, तो चालू राहिला की रंग तपासायला आणलेला माणूस तुम्ही स्वतःच्या हाताने रंगांध करता. भाचा पहिल्या महिन्यात यातच अडकला होता. शीट उलटी-सुलटी करा, सरकवा, थोडी फिरवा. रंगाला हात लावू नका.

किती शीट लागतील?

शाईवरून रंग सांगणाऱ्या लहान नेटवर्कला एक चांगली चाचणी-शीट पुरते. आयटी८.७/४ या ठरलेल्या तक्त्यात १६१७ चौकटी असतात. तो तुमच्या कागदावर, तुमच्या शाईने छापा, सुकू द्या, मोजा. दोन-तीन शीटची सरासरी घेतलीत तर उत्तम. कागद बदलला की तक्ता पुन्हा छापायचा. गुळगुळीत आर्टपेपरचं शिकलेलं नेटवर्क साध्या मॅपलिथो कागदावर बिनदिक्कत चुकीचं उत्तर देतं, आणि तेही तितक्याच ठामपणे.

दोष ओळखणाऱ्या नेटवर्कचं वेगळं दुखणं आहे. चांगल्या शीट ढिगाने मिळतात, वाईट हाताच्या बोटांवर. कारण वाईट दिसली की मशीनमन लगेच दुरुस्ती करतो आणि शीट वेस्टेजमध्ये फेकतो. म्हणून पहिलं काम हे की मेकरेडीचं, म्हणजे जॉब सुरू करताना मशीन जुळवतानाचं, वेस्टेज रद्दीत द्यायचं थांबवा. त्यात सगळे दोष सापडतात : शाई कमी, शाई जास्त, पाणी सुटलेलं, रजिस्टर बाहेर. मशीन मोकळं असेल तेव्हा मुद्दाम एक इंक की, म्हणजे शाई कमी-जास्त सोडणारा स्क्रू, उघडूनही दोष तयार करता येतात. रद्दीवाला रागावेल, बाकी कुणाचं नुकसान नाही.

वाईट शीट फारच कमी असतील तर ऑटोएन्कोडर वापरतात. त्याला फक्त चांगल्या शीट दाखवायच्या आणि त्या जशाच्या तशा पुन्हा काढायला शिकवायचं. वेगळं काही समोर आलं की त्याला ते नीट काढता येत नाही, तो फरकच दोषाची खूण. वेगळेपण त्याला कळतं, वाईटपण नाही.

‘आमचं सॉफ्टवेअर ९५ टक्के अचूक’ असं विकणारा सांगतो. घ्यावं का?

कागद-पेन्सिल काढा. १०,००० शीटचा जॉब धरा, त्यात १०० खराब. सॉफ्टवेअर खराब शीटपैकी ९५ टक्के पकडतं आणि चांगल्यांपैकी ९५ टक्के सोडून देतं. म्हणजे ९५ खराब पकडल्या. पण उरलेल्या ९,९०० चांगल्यांपैकी ५ टक्के, म्हणजे ४९५ शीटवरही लाल दिवा लागला. एकूण ५९० वेळा दिवा, त्यातला खरा ९५ वेळा. सहापैकी पाच वेळा खोटा. दुसऱ्या दिवशी मशीनमन दिव्यावर चिंधी टाकतो.

म्हणून विकणाऱ्याला दोन आकडे वेगळे विचारा : खराब किती सुटल्या आणि चांगल्या किती अडवल्या. मग विचारा की चाचणीच्या शीट कुठून आणल्या. एकाच जॉबच्या शीट पत्त्यांसारख्या पिसून अर्ध्यांवर शिकवलं आणि अर्ध्यांवर परीक्षा घेतली, तर तो पेपर फुटल्यासारखा निकाल आहे. शेजारशेजारच्या शीट जुळ्या बहिणी असतात. परीक्षेचे जॉब शिकवणीच्या जॉबपेक्षा वेगळे हवेत, आणि खरं तर तुमच्या प्रेसचे हवेत.

शीट चांगली की वाईट हे कोण ठरवणार?

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. नेटवर्कला रंगाची समज नसते. ज्याने ‘पास’, ‘नापास’ अशा चिठ्ठ्या लावल्या त्याची नक्कल ते करतं. चिठ्ठ्या लावणारा दुपारी जेवणानंतर ढिला पडत असेल तर नेटवर्कही ढिलं पडेल.

एक सोपा प्रयोग करा. शंभर शीट घ्या, मागे नंबर टाका, दोन तपासनिसांना वेगवेगळं बसवून पास-नापास लिहायला सांगा. आठवड्याने त्याच शीट पिसून पुन्हा द्या. दोघांचं एकमेकांशी किती जुळतं ते बघा, आणि प्रत्येकाचं स्वतःशी किती जुळतं तेही. आमच्याकडे हे केलं तेव्हा चहा थंड झाला पण वाद संपला नाही. माणसांचंच जुळत नसेल तर यंत्राकडून काय मागणार? आधी वादाच्या शीट काढून एकत्र बसा, हद्द कुठे ते ठरवा, पार्टीलाही बोलवा. बरीच प्रेस या पायरीनंतर नेटवर्कशिवायच सुधारते.

चिठ्ठ्या लावणाऱ्याची नजर तपासून घ्यायला लाजू नका. पुरुषांत लाल-हिरव्याची रंगांधता वाटते तितकी दुर्मीळ नाही, आणि कित्येकांना स्वतःला ती ठाऊक नसते. डोळ्यांच्या डॉक्टरकडचं इशिहाराचं ठिपक्यांचं पुस्तक पाच मिनिटांत सांगतं. रंगांची बारीक पारख बघायची तर फार्न्सवर्थ-मन्सेल चाचणी असते. तिचं नाव हंड्रेड ह्यू, टोप्या मात्र ८५.

तुमची स्वतःची फजिती झाली होती म्हणे?

झाली होती. मिठाईच्या डब्यांचा एक जॉब होता, पार्टीचं नाव सांगत नाही. पास आणि नापास शीटचे ढीग कॅमेऱ्याखाली टिपले, भाच्याने रात्रभर नेटवर्क शिकवलं आणि सकाळी निकाल असा आला की आम्ही पोहे-जिलबी मागवली. जवळजवळ एकही चूक नाही. मशीनवर लावलं तर सगळ्या शीट पास. पाणी सुटलेली पास, मजेंटा गेलेली पास.

दोन दिवस डोकं खाजवलं. मग भाच्याने नेटवर्क शीटच्या कुठल्या भागाकडे बघतं याचा नकाशा काढला. ते बघत होतं खालच्या डाव्या कोपऱ्यात. नापास शीटवर तिथे बॉलपेनाने बारीक फुली मारायची माझी वीस वर्षांची सवय! नेटवर्क रंग वगैरे काही शिकलं नव्हतं, फुली शोधायला शिकलं होतं. मशीनवरच्या ताज्या शीटवर फुली कुठून असणार?

आता नियम आहे : शीट आधी टिपायची, खूण नंतर. आणि पास-नापास दोन्ही एकाच दिवशी, एकाच दिव्याखाली, मिसळून टिपायच्या.

इंक की नेटवर्कच्या ताब्यात द्याव्यात का?

मोठ्या मशीनवर शीटच्या रुंदीत ३२ पट्टे, प्रत्येकाची स्वतंत्र इंक की, आणि अशा चार शाया. म्हणजे १२८ ठिकाणी वाढव-घटव. बारचे आकडे बघून कुठली की किती फिरवावी हे सुचवायला नेटवर्क चांगलं. फिरवायला मात्र माझा विरोध आहे, निदान पहिलं वर्षभर.

कारण उशीर. की उघडली की शाई रोलरांवरून उतरून शीटवर स्थिर व्हायला बऱ्याच शीट जातात. ताशी १०,००० च्या वेगाने एक शीट ०.३६ सेकंदात निघते. नेटवर्कने दहाव्या शीटला ‘अजून फिकं’ म्हणून आणखी उघडली, विसाव्याला आणखी, आणि मग सगळी शाई एकदम आली की उलटं बंद करत सुटलं. नवशिका मशीनमन नेमकं हेच करतो. उस्ताद एकदा हात लावतो आणि थांबतो. थांबणं शिकवायचं असेल तर नेटवर्कला फक्त आत्ताची शीट दाखवून भागत नाही, मागच्या फिरवण्यांची नोंदही द्यावी लागते.

ओली शीट मोजावी की सुकलेली?

मशीनवर ओलीच हाती येते, पार्टीला सुकलेली जाते. सुकताना चमक जाते आणि डेन्सिटी उतरते, अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदावर जास्त. पोलरायझर लावलेल्या उपकरणात हा फरक कमी दिसतो. लहान नेटवर्कला हे अगदी सोपं काम आहे : ओल्याचे आकडे, कागद, शाई आणि लोटलेला वेळ द्या, सुकल्यावरचे आकडे शिकवा. महिनाभर प्रत्येक जॉबची एक शीट ओली आणि दुसऱ्या दिवशी सुकलेली मोजून वहीत लिहिली की शिकवणीचं साहित्य तयार. मला विचाराल तर नेटवर्कची सुरुवात करायला याहून बिनधोक जागा नाही.

नमकीनच्या पाकिटांना हेच चालतं का?

तत्त्व तेच, तपशील वेगळे. पाकिटं ग्रॅव्युअरवर, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरच्या छपाईवर, पारदर्शक फिल्मच्या आतल्या बाजूने उलटी छापतात, शेवटी पांढरी शाई येते आणि मग लॅमिनेशन. पांढऱ्याचा थर पातळ पडला की सगळेच रंग मळकट होतात, आणि शिकलेलं नसेल तर नेटवर्क पिवळ्याला दोष देतं. फिल्म मोजताना खाली काय ठेवलंय यावरही आकडा हलतो, तेव्हा खालचं पॅड एकच ठेवा. मेटलाइज्ड फिल्म आरशासारखी असते; नेहमीचं ४५ अंशांचं उपकरण तिथे गोंधळतं, आतून पांढऱ्या गोलाचं उपकरण लागतं.

पावसाळ्यात बिघडतं का?

बिघडतं. इंदूरचा मे कोरडा ठणठणीत, ऑगस्ट दमट. कागद ओल पितो, फुगतो, रजिस्टर सरकतं, शाई सुकायला वेळ घेते. उन्हाळ्यात शाई पातळ होऊन ठिपका पसरतो. मे महिन्यात शिकवलेलं नेटवर्क श्रावणात परकं होतं. वर्षभराचं हवामान पाहिलेल्या शीट शिकवणीत हव्यात, आणि नोंदवहीत तापमान-आर्द्रतेचा रकाना हवा. फाउंटन सोल्यूशनचा, म्हणजे प्लेट ओली ठेवणाऱ्या पाण्याचा, पीएच आणि कंडक्टिव्हिटीही तिथेच लिहा.

आणि रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याची काच पुसा. गेरचा, म्हणजे इथल्या रंगपंचमीच्या मिरवणुकीचा, गुलाल कुठून आत येतो कळत नाही, पण येतो.

कागदाचा पांढरेपणा बदलला तर?

चमकदार पांढऱ्या कागदात अतिनील किरण पिऊन निळसर उजळणारी द्रव्यं असतात. त्यामुळे कुठल्या उजेडात मोजलं यावर आकडा बदलतो. आयएसओ १३६५५ मध्ये यासाठी एम०, एम१, एम२, एम३ अशा अवस्था ठरवल्या आहेत. डी५० शी जुळणारी अतिनीलसकट अवस्था एम१, अतिनील कापलेली एम२. शिकवणी एम० मध्ये आणि रोजची मोजणी एम१ मध्ये झाली तर नेटवर्क काय सांगेल ते सांगता येत नाही.

पिथमपूरच्या औषध कंपन्यांचे ऑडिटर मान्य करतील का?

ते सॉफ्टवेअरच्या हुशारीबद्दल विचारत नाहीत, नोंदी मागतात. कुठल्या तारखेला नेटवर्कची कुठली आवृत्ती चालू होती, ती कुठल्या शीटवर शिकवली, मर्यादा कुणी ठरवली, अडवलेल्या शीटचं पुढे काय झालं. म्हणून चालू नेटवर्क गोठवून ठेवा. रोज आपोआप शिकत राहणारं नेटवर्क ऐकायला गोड वाटतं, पण सोमवारची शीट शुक्रवारी का नापास झाली हे मग कुणालाच सांगता येत नाही. नवं शिकवायचं तर बाजूला शिकवा, जुन्या-नव्याची एकाच शीटवर परीक्षा घ्या, सही करा, मग बदला.

रोज सकाळी सिरॅमिकच्या रंगीत टाइल मोजून उपकरण जागेवर आहे ना हेही लिहून ठेवा. छापलेली शीट या कामाला ठेवू नका. तिचा रंग उडतो, ती पिवळी पडते.

मोठा संगणक किंवा इंटरनेट लागतं का?

लहान नेटवर्कला ऑफिसातला बिलं काढायचा संगणक पुरतो. कॅमेऱ्यावरच्या नेटवर्कला ग्राफिक कार्ड हवं. इंटरनेट दोघांनाही लागत नाही. पार्टीचं आर्टवर्क बाहेर जाऊ नये म्हणून मी तर तार काढूनच ठेवतो.

शेड तपासणाऱ्या काकांचं काय?

हा प्रश्न काका स्वतः विचारत नाहीत, मालक हळू आवाजात विचारतो. नेटवर्कला चिठ्ठ्या कोण लावणार? काकाच. दिवा लागल्यावर शीट खरंच नापास आहे का हे कोण बघणार? काकाच. आमच्याकडे दर पाचवी शीट उचलून बघण्याचं काम गेलं, आणि दिवा लागलेली शीट घेऊन मशीनमनशी भांडायचं काम राहिलं. काकांना दुसरंच जास्त आवडायचं.

आमची प्रेस दोन-तीन माणसांची. सुरुवात कुठून करू?

भिंतीला फिकट राखाडी रंग लावा, तपासायच्या टेबलावर डी५० चे दिवे बसवा. मग प्रत्येक जॉबला कलर बार टाकायची सवय लावा. कागद वाचवायला तो कापणारे अजून आहेत. वापरलेला का होईना, तपासून घेतलेला स्पेक्ट्रो मिळवा. सहा महिने आकडे लिहा : तारीख, कागद, शाई, ओल्याचे आकडे, सुकल्याचे आकडे. वही चालेल, एक्सेल असेल तर बरं. त्यानंतर ती वही घेऊन माझ्याकडे या. रविवारी सकाळी मी घरी असतो, भाचा दहाच्या आधी उठत नाही.